आकाशवाणी आणि आमचे कान

आमचें जाम हें गांव नकाशांत शोधूं गेल्यास वाचकांस गांवाच्या आधीं रस्ते सांपडतील. नागपुराहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता येथून पुढें हिंगणघाटाकडे उतरतो आणि चंद्रपुराची वाट त्यापासून येथेंच फुटते. वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर तालुक्यांतलें हें लहानसें गांव. परंतु त्याच्या चौरस्त्यावर मालमोटारींची घरघर रात्रींबेरात्रींहि थांबत नाहीं. अशा जागीं जन्म काढलेल्या माणसाचे कान बोथट झाले तर नवल नाहीं. आमचेहि झाले होते. परंतु ते रस्त्याच्या आवाजानें झाले नव्हते, आमच्या विद्येनें झाले होते, ही गोष्ट आम्हांस साठी जवळ आली तेव्हां कळली. ती कशी कळली हें सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला आहे.

निमित्त घरांतलेंच आहे. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या नागपूर विद्यापीठांतून मराठी विषय घेऊन एम्. ए. झाली. घरांतील सर्वांची अपेक्षा अशी कीं, तिनें आतां बँकेच्या किंवा शिक्षकाच्या परीक्षेस बसावें. परंतु गेल्या चैत्रांत तिनें जेवणाच्या पंगतींत सांगून टाकलें कीं, आपणांस आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर स्वरचांचणी द्यावयाची आहे, आणि पुढें भाषा, साहित्य, लोककला ह्या विषयांचें वार्तांकन हेंच आपलें काम व्हावें अशी आपली इच्छा आहे. पंगत क्षणभर स्तब्ध झाली. बंधूंनीं ताटावरची मान वर न करतां विचारलें, "त्याला पगार किती?" भावजयींनीं विचारलें, "रात्रीची पाळी असली तर यायचं कसं?" आणि आमच्या सौभाग्यवतींनीं वरणाचें पातेलें खालीं ठेवून हलकेंच म्हटलें, "आतां रेडिओ ऐकतंय कोण?"

तीनहि प्रश्न रास्त होते आणि मुलीजवळ एकाचेंहि उत्तर नव्हतें. अखेर भावजयी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मोठे. तुम्हींच काय तें सांगा."

आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. आम्ही मॅट्रिक झालेले, अध्यापनाची पदविका घेऊन खेडोपाडींच्या प्राथमिक शाळांत उभा जन्म काढलेले आणि वडिलांच्या पायांशीं बसून थोडेंबहुत संस्कृत शिकलेले गृहस्थ. नभोवाणीच्या धंद्याविषयीं मत देण्याचा आमचा अधिकार तो किती! परंतु ऐकण्याचा अधिकार मात्र साठ वर्षांचा होता. त्या बळावर विचार करूं लागलों.

आमच्या लहानपणीं घरांत दिव्यांचा रेडिओ होता. देवघराला लागून असलेल्या कोनाड्यांत विणलेलें आच्छादन घालून त्याची स्थापना केलेली असे. पोस्टांत दरसाल पैसे भरून त्याचा परवाना नवा करून आणावा लागे. कळ फिरविली तरी आंतले दिवे तापेपर्यंत आवाज फुटत नसे, आणि तेवढा वेळ घरांतलीं पंधरा-सोळा माणसें आपोआप गप्प होत. आमच्या घरांत एरवीं हा चमत्कार फक्त सत्यनारायणाच्या आरतीपूर्वीं घडे.

वडील जुन्या पद्धतीचे संस्कृतज्ञ होते. रूपावली आणि अमरकोश आम्हीं त्यांच्याकडूनच पाठ केला. बातम्या सांगणाऱ्याची परीक्षा ते पाणिनीय शिक्षेच्या नियमांनीं करीत. त्या ग्रंथांत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाऊन म्हणणारा, घाई करणारा, डोकें हालविणारा, लिहिलेलें पाहून वाचणारा, अर्थ न समजतां म्हणणारा आणि क्षीण आवाजाचा. "डोकं हालवतो कीं काय तें इथून दिसत नाहीं," असें ते विनोदानें म्हणत, "बाकीच्या पांचांत बसतो का तें पाहूं." आतां लिहिलेलें वाचणें हें तर बातम्या देणाऱ्याचें नेमून दिलेलें कामच, परंतु उत्तम निवेदक तो, कीं ज्याच्यासमोर कागद असतो पण आपणांस तो ऐकूं येत नाहीं, असें त्यांचें मत होतें. एकदां पुण्याच्या नातलगांकडे गेलों असतां तेथील केंद्रावरून सुधा नरवणे यांनीं दिलेल्या बातम्या त्यांच्या कानीं पडल्या. ते शेवटपर्यंत उभे राहून ऐकत होते. बातम्या संपल्यावर एवढेंच म्हणाले, "ह्या बाई त्या सहांतल्या नव्हेत."

३० जून १९७४ रोजीं आकाशवाणीनें संस्कृतांतून बातम्या देण्यास आरंभ केला. आम्ही तेव्हां सोळा वर्षांचे होतों. 'इयम् आकाशवाणी' हे शब्द कोनाड्यांतून आले तेव्हां वडिलांनीं पूजेची पळी हातांत तशीच धरून ठेविली. पुढें बलदेवानंद सागर यांचा आवाज त्या वार्तांतून घरोघर ओळखीचा झाला. सकाळीं सातच्या आधींचीं तीं पांच मिनिटें वडिलांनीं अखेरपर्यंत चुकविलीं नाहींत. आयुष्यभर जी भाषा त्यांनीं श्राद्धांत, पूजेंत आणि पोथींत वापरली, त्या भाषेंत पूर, संप, निवडणुका आणि धान्याचे भाव ऐकून ते म्हणाले, "देवघरांतली भाषा आज बाजारांत जाऊन आली रे." आम्हांस तें वाक्य त्या वेळीं केवळ कौतुकाचें वाटलें. त्यांतला बोध आमच्या हातीं लागावयास पुढें चाळीस वर्षांवर काळ जावा लागला.

मुदतीच्या आठ दिवसांत आम्ही ह्या खात्याचा पूर्वेतिहास मनाशीं जुळवीत बसलों. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं एका खासगी कंपनीनें सुरू केलें. पुढें सरकारनें तो व्याप आपल्याकडे घेतला आणि १९३६ सालीं त्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव दिलें. 'आकाशवाणी' हें नांव मूळचें म्हैसूरचें. तेथें गोपालस्वामी नांवाच्या प्राध्यापकांनीं १९३५ सालीं स्वतःच्या घरीं केंद्र चालू केलें होतें, त्याचें तें नांव. तें पुढें साऱ्या देशानें घेतलें आणि २०२३ पासून इंग्रजी नांव सोडून तेंच एक ठेवण्यांत आलें आहे. आमचें नागपूर केंद्र १९४८ चें आणि पुण्याचें १९५३ चें.

परंतु यंत्रांपेक्षां माणसांचा विचार अधिक उपयोगी. ह्या खात्यांत पोटासाठीं नोकरी करण्यास गेलेल्या मराठी माणसांचीं नांवें पाहिलीं म्हणजे मन थक्क होतें. बा. सी. मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. ते ह्या खात्यांत आले आणि १९५६ सालीं दिल्लीस मृत्यु येईपर्यंत ह्याच खात्याचे नोकर राहिले. केवळ कानांनीं पाहावयाच्या 'संगीतिका' त्यांनीं नभोवाणीसाठीं लिहिल्या. १९४७ सालीं निघालेल्या त्यांच्या 'कांहीं कविता' ह्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांतून ते निर्दोष सुटले. म्हणजे सरकारची नोकरी आणि सरकारचा खटला हीं दोन्हीं एकाच माणसाच्या वांट्यास आलीं. ज्या भाषेबद्दल खटला झाला, तिनेंच पुढें मराठी कवितेचा कान बदलला, हें आतां कोणी नाकारीत नाहीं.

पुणें केंद्रावरील सीताकांत लाड यांच्या मनांत आलें कीं, वर्षभर चालेल अशी एखादी संगीतमालिका असावी. त्यांतून १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, 'गीतरामायण' सुरू झालें. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या. आठवड्यास एक ह्या हिशेबानें बावन्न गीतें व्हावयाचीं. परंतु त्या वर्षीं अधिक भाद्रपद आल्यामुळें तीं छप्पन झालीं. हा अधिक मासाचा हिशेब आमच्या वडिलांस रामकथेइतकाच प्रिय होता. गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर त्याच केंद्रावर १९५५ पासून तीस वर्षें ग्रामीण श्रोत्यांच्या कार्यक्रमांचें काम पाहत होते. पु. ल. देशपांडे यांनींहि तेथें नोकरी केली आणि पुढें दिल्लीस दूरदर्शनाच्या आरंभकाळांत काम केलें. आणि आमच्या नागपुरांतले पुरुषोत्तम दारव्हेकर! तेहि मूळचे आमच्यासारखेच शाळामास्तर. नाट्यसृष्टीनें त्यांस अखेरपर्यंत 'मास्तर' म्हणूनच हांक मारली. 'कट्यार काळजांत घुसली' हें १९६७ चें नाटक त्यांचें आहे हें सर्वांस ठाऊक असतें; परंतु त्यांनीं आकाशवाणींत नोकरी केली आणि 'वऱ्हाडी माणसं' हेंहि नाटक लिहिलें, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें.

हीं झालीं ठळक नांवें. ह्यांच्या मागें शेंकडों माणसें अशीं होऊन गेलीं कीं, ज्यांनीं संमेलनाच्या मांडवांत, कीर्तनाच्या देवळांत, गोंधळ्याच्या अंगणांत ध्वनिमुद्रणाचें यंत्र नेऊन ठेविलें, तासभराच्या बोलण्यांतून दहा मिनिटें निवडलीं, फीत पात्यानें कापून चिकटपट्टीनें जोडली, आणि कार्यक्रम होऊन गेल्यावर पुष्कळदां तीच फीत पुसून दुसऱ्या कामास लावलेली पाहिली. लेखकाचें पुस्तक राहतें, मास्तराचे विद्यार्थी राहतात. ह्यांचें काम हवेंत गेलें तें गेलें. तरीहि तें त्यांनीं केलें. कोणत्या आशेनें केलें असेल? ह्याचें उत्तर आम्हांस आमच्याच दोन अनुभवांतून मिळालें.

पहिला अनुभव सुमारें १९९० चा. एका केंद्रानें आषाढाच्या पहिल्या दिवसानिमित्त कालिदासावर दहा मिनिटें बोलण्यास आम्हांस बोलाविलें. कालिदासाचा रामगिरि म्हणजे आपल्याकडचा रामटेक, हें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचें मत आम्हीं मोठ्या अभिमानानें मांडलें होतें. मजकूर आठ वेळां लिहून काढला होता. तेथील अधिकारी गृहस्थांनीं तो वाचला आणि अत्यंत नम्रपणें तीन शब्दांवर बोट ठेविलें: 'उपर्युक्त', 'खालील' आणि 'अनुक्रमें'. म्हणाले, "गुरुजी, हवेंत वर आणि खालीं नसतं. आणि अनुक्रम लावायला ऐकणाऱ्याला मागचं पान उलटतां येत नाहीं." आमच्या एका वाक्यांत 'जो' पहिल्या ओळींत आणि 'तो' पांचव्या ओळींत होता. त्यांनीं विचारलें, "हा 'तो' येईपर्यंत 'जो' कुणाच्या ध्यानांत राहील?" आम्ही ओशाळलों. ज्या देशानें आपल्या परमपवित्र ग्रंथांस 'श्रुति' म्हणजे ऐकलेलें असें नांव दिलें, त्या देशांतला संस्कृत शिकलेला मास्तर डोळ्यांनीं वाचावयाची भाषा कानांस वाढीत होता! त्या दिवशीं आम्ही कांहीं शिकलों असें आम्हांस वाटलें. परंतु तें फक्त लिहिण्यापुरतें शिकलों होतों. खरा धडा पुढेंच होता. आणि त्याची सुरुवात त्याहूनहि पांच वर्षें मागें होऊन गेली होती.

१९८५ च्या सुमारास आम्ही चौथीचा वर्ग घेत होतों. भाषेच्या तासाला 'कापूस' ह्या विषयावर प्रत्येकानें उभें राहून दोन वाक्यें बोलावयाचीं होतीं. शेवटच्या रांगेंतला एक कृश मुलगा उभा राहिला आणि मोठ्या उत्साहानें म्हणाला, "मले मायनं सांगतलं का, बोंड फुटलं का थंडी येते." आम्हीं त्यास थांबविलें. "मले नव्हे, मला." तो पुन्हां म्हणाला, "मले..." वर्ग हंसला. तिसऱ्या वेळीं त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. आम्हीं त्यास 'मला' हा शब्द शंभर वेळां लिहून आणण्यास सांगितलें. त्यानें तो आणला. अक्षर नेटकें होतें. आम्हीं तांबड्या शाईनें त्यावर 'छान' असें लिहिलें.

त्या दिवसापासून तो मुलगा वर्गांत उभा राहून बोलला नाहीं. हजेरीच्या वेळीं 'हजर' एवढाच शब्द त्याच्या तोंडून येई. त्यांत चुकण्याची भीति नव्हती. सातवीनंतर शाळा सोडून तो बापाच्या शेतांत गेला. आम्हीं त्याची गणना अबोल मुलांत करून टाकली होती. त्याला अबोल कोणीं केलें हा प्रश्न आमच्या मनांत आला नाहीं. बोंड फुटणें आणि थंडी येणें ह्यांचा जो संबंध त्याच्या आईनें त्यास सांगितला होता, तो किती सुरेख होता! आम्हीं त्यांतला 'ले' तेवढा ऐकला.

२०१७ सालीं विदर्भांतल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली हें वाचकांच्या स्मरणांत असेल. आमच्या भागांत उभीं शेतें त्या अळीनें पोखरलीं. त्या हिवाळ्यांत एका संध्याकाळीं स्वयंपाकघरांतल्या छोट्या रेडिओवर शेतकऱ्यांसाठींचा कार्यक्रम लागला होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनीं पाहुण्याचें नांव आणि गांव सांगितलें, आणि आमच्या हातांतलें वर्तमानपत्र खालीं गेलें. तोच मुलगा! आतां चाळिशी ओलांडलेला.

आणि तो बोलूं लागला. मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखी डोमकळी दिसली कीं अळी आंत शिरली असें समजावें. कामगंध सापळ्यांत रोज किती पतंग सांपडतात तें मोजून ठेवावें. लोभानें फरदड घेऊं नये, कारण तीच अळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसते. "वरून बोंड साबूत दिसते, फोडलं का आंत सरकी किडेल," असें तो म्हणाला. प्रत्येक दुसऱ्या वाक्यांत 'मले' आणि 'तुमाले' होतें. बाई त्यास एकदांहि अडवीत नव्हत्या. प्रश्न लहान विचारीत आणि थांबत. एके ठिकाणीं, नुकसानीची गोष्ट निघाली तेव्हां, तो गप्प झाला. दुसऱ्या कोणी घाईनें ती पोकळी शब्दांनीं भरून काढली असती. त्या बाईंनीं भरली नाहीं. चार-पांच क्षण रेडिओवर कांहींच नव्हतें. मग तोच आपण होऊन पुढें बोलला. आमच्या वर्गांत सतरा मिनिटें आम्ही बोलत असूं आणि मुलाच्या वांट्यास दोन वाक्यें येत. तींहि आम्ही पुरीं होऊं देत नसूं.

पंधरा दिवसांनीं तो आम्हांस चौरस्त्यावर चहाच्या टपरीशीं भेटला. आम्हीं त्याच्या बोलण्याची तारीफ केली. तो लाजला आणि म्हणाला, "म्या नाई बोललो जी, गुरुजी. त्या बाईनं बोलू देल्लं."

मग हंसत हंसत पुढें म्हणाला, "म्या तिले पयलेच इचारलं, मला म्हनू का मले म्हनू? गुरुजीनं त मला म्हनाले सांगतलं होतं. थे म्हने, भाऊ, घरी काय म्हनता, तेच म्हना."

त्याच्या बोलण्यांत कडूपणा लेशमात्र नव्हता. शंभर वेळां लिहिलेला शब्द त्यास बत्तीस वर्षांनींहि आठवत होता, एवढेंच. आमच्या हातांतला चहा निवून गेला. कांहीं बोलावें असें वाटलें. परंतु ज्याची सारी हयात बोलण्यांत गेली त्या आमच्यासारख्या माणसास त्या वेळीं एकहि शब्द सुचला नाहीं. त्यानें आमच्या चहाचे पैसे दिले, वांकून नमस्कार केला आणि तो निघून गेला.

तेव्हां वडिलांचें तें वाक्य आठवलें. देवघरांतली भाषा बाजारांत जाऊन आली ह्याचा त्यांना आनंद झाला होता. आम्ही मात्र बाजारांतून आणि शेतांतून आलेल्या भाषेला ओसरीवरच पाय धुवावयास लावीत होतों. प्रमाण भाषा शिकविणें हें मास्तराचें काम आहे आणि तें आम्ही आजहि टाकाऊ मानीत नाहीं. त्या मुलास अर्ज लिहितां आला पाहिजे, पुस्तक वाचतां आलें पाहिजे. परंतु 'मला' शिकविण्यासाठीं 'मले'ला हंसावें लागतें असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? आधीं त्याची गोष्ट पुरी ऐकून घेतली असती तर दुसरा शब्द त्यानें आनंदानें घेतला असता. त्या अनाम बाईंनीं दहा मिनिटांत जें केलें तें आम्हांस तीस वर्षांच्या नोकरींत साधलें नाहीं. फीत पुसली जाणार हें ठाऊक असतांहि माणसें ह्या कामाला आयुष्य कां देतात, ह्याचें उत्तर हेंच असावें. गप्प राहिलेला एक माणूस बोलता झाला, आणि त्याच्यासारख्या हजारोंनीं आपली भाषा आकाशांतून परत येतांना ऐकली. एवढें झालें म्हणजे फीत राहिली काय आणि पुसली काय!

आठव्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं मंडळींस ओसरीवर बसविलें आणि ही हकीकत, आमच्या दोषासकट, जशीच्या तशी सांगितली. मग तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें दिलीं. बंधूंस म्हटलें, पगाराविषयीं मुलीनें भ्रमांत राहूं नये. आज आकाशवाणीवर प्रथम जें काम मिळतें तें बहुधा नैमित्तिक उद्घोषकाचें. महिन्यांतून मोजक्या पाळ्या आणि पाळीगणिक मोबदला. तेवढ्यावर संसार चालत नाहीं. म्हणून तिनें जोडीला शिकवण्या, भाषांतर असें कांहीं धरलें पाहिजे. शिक्षकाच्या परीक्षेसहि बसावें. मर्ढेकर आणि माडगूळकर ज्या कायम नोकरींत होते, तशा जागा आतां थोड्या. हें लपवून तिला पाठविणें म्हणजे फसवणूक होय. भावजयींस म्हटलें, नागपुरांत तिची मावशी आहे. रात्रींच्या पाळीस ती तेथें राहील. मावशीचें मन आम्हीं आधींच काढून ठेविलें होतें. सौभाग्यवतींचा प्रश्न मात्र सर्वांत कठीण होता: रेडिओ ऐकतंय कोण?

आम्हीं म्हटलें, कोनाडा गेला हें खरें. पंधरा माणसांनीं एकत्र गप्प होण्याचा तो योग आतां येत नाहीं. परंतु तोच आवाज आतां हातांतल्या भ्रमणध्वनीवर येतो, बांधावर ठेवलेल्या छोट्या यंत्रांतून येतो, आणि आमच्या चौरस्त्यावरून जाणारा मालमोटारीचा चालक रात्रभर त्याच्याच सोबतीनें जागा राहतो. २०२३ च्या फेब्रुवारींत वर्ध्यास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें होतें, न्यायमूर्ति नरेंद्र चपळगांवकर त्याचे अध्यक्ष होते. मुलीस घेऊन आम्ही तेथें गेलों होतों. व्यासपीठासमोर गर्दी होती. पण मुलगी दुपारभर एका पुस्तकाच्या दुकानाशीं उभी होती, कारण तेथें हातांत लहानसें यंत्र घेतलेला एक वार्ताहर एका वृद्ध वाचकाला तो काय वाचतो हें विचारीत होता आणि उत्तर संपेपर्यंत थांबत होता. तिच्या मनांत हें काम करण्याची इच्छा तेथेंच उपजली, हें तिनें आम्हांस त्या रात्रीं प्रथमच सांगितलें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं आपल्या मराठीस अभिजात भाषेचा मान मिळाला. पेढे आपणहि वांटले. परंतु मानानें भाषेचें वय ठरतें, आयुष्य ठरत नाहीं. तिचें आयुष्य ती बोलणाऱ्यांच्या तोंडीं आणि ती ऐकून घेणाऱ्यांच्या कानीं असतें. बोलणारे पुष्कळ आहेत. आपल्या घरांतलें एक माणूस ऐकून घेणाऱ्यांत गेलें तर काय बिघडलें?

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग बंधू म्हणाले, "दोन वर्षं पाहूं. शिक्षकाची परीक्षा मात्र सोडायची नाहीं." भावजयी कांहीं न बोलतां आंत गेल्या आणि मुलीची नागपुराची पिशवी भरूं लागल्या. आमच्या घरांत होकार असाच दिला जातो.

मुलीस आम्हीं एक अट घातली. घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या रखमाबाईंच्या वयाच्या ज्या बाई आहेत, त्यांना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात. इतकीं वर्षें त्या आमच्या अंगणांत गुणगुणत आल्या आणि आम्ही पलीकडे मुलांकडून शब्दरूपें म्हणवून घेत बसलों. त्या ओव्या तिनें ध्वनिमुद्रित कराव्या, आणि उतरून घेतांना 'मले'चें 'मला' करूं नये. मुलगी हंसून म्हणाली, "मोठे काका, तें तर मी गेल्याच वर्षीं सुरू केलं. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नव्हतं." हा दुसरा टोलाहि आम्हीं निमूटपणें सोसला.

स्वरचांचणी झाली आहे. निकाल यावयाचा आहे. तो कसाहि लागो, आमचें एक काम राहिलें आहे. त्या चहाच्या टपरीवर जें बोलावयास पाहिजे होतें तें आम्हीं अद्याप बोललेलों नाहीं. प्रथम असें वाटलें कीं, हा लेख लिहिला म्हणजे तें झालें. परंतु आमचा तो विद्यार्थी हें मासिक वाचीत नाहीं, आणि वाचलें तरी शंभर वेळां लिहून दिलेल्या शब्दाची भरपाई आणखी कांहीं लिहून होणार नाहीं. तें तोंडानेंच सांगितलें पाहिजे. कपाशीची वेचणी सुरू झाली आहे; तो दिवसभर शेतावर असतो. उद्यां सकाळीं वार्ता ऐकून झाल्या कीं आम्ही तिकडे जाऊं. आणि जमलें तर ह्या खेपेस आम्ही थोडें बोलूं आणि पुष्कळ ऐकूं.